सबवूफर घेण्याआधी खोली मोजा

सबवूफर, म्हणजे गाण्यातले अगदी खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा ‘किती इंची आहे’ असे विचारतो आणि लगेच पाठोपाठ ‘किती वॅटचा आहे’ असे. मीही तेच विचारले होते. दुकानातला सर्वांत मोठा दिसणारा १२ इंची खोका रिक्षात घालून मी जुळे सोलापुरातल्या घरी आणला, १२ बाय १० च्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आले की गाण्यातला खालचा प्रत्येक सूर मला एकाच सुरात ऐकू येतो आहे. तबल्याचा डग्गा असो, बास गिटार असो की चित्रपटातला स्फोट असो, सगळ्यांचा मिळून एकच ‘भुंऽऽ’ होत होता. दोष खोक्याचा नव्हता, दुकानदाराचाही फारसा नव्हता. ज्या खोलीत तो वाजणार होता ती खोली मी मोजलीच नव्हती. म्हणून नव्याने सबवूफर घेऊ पाहणाऱ्यांसाठी मी ज्या क्रमाने पुढचे लिहितो आहे, त्यात दुकान बरेच उशिरा येते.

ऐकायचे काय, हे आधी ठरवावे

माणसाचा कान साधारणपणे २० हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला २० कंपनांपासून) २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. सबवूफरचे काम यातल्या अगदी तळाच्या पट्ट्यात, म्हणजे सुमारे २० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान, चालते. या पट्ट्यात आपल्या आवडीचे संगीत नेमके कुठवर उतरते, हे कळले की निम्मा खर्च आणि निम्मी डोकेदुखी वाचते.

पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची असते आणि पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची. याचा सरळ अर्थ असा की ज्यांच्या घरी प्रामुख्याने ख्याल, नाट्यसंगीत, अभंग आणि जुनी चित्रपटगीते वाजतात त्यांना ३५ हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा सबवूफर पुरून उरतो. २० ते २५ हर्ट्झचा हट्ट धरायचा तो चित्रपटांसाठी किंवा इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी. चित्रपटाच्या ५.१ ध्वनिपटात खालच्या आवाजांसाठी १२० हर्ट्झपर्यंतची एक स्वतंत्र वाहिनी राखलेली असते आणि भूकंप, विमाने, स्फोट यांचा गडगडाट बहुतांशी तिथूनच येतो.

येथे एक गल्लत नेहमी होते. मोठा आवाज आणि खोल आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिद्धेश्वर यात्रेच्या मिरवणुकीतली हलगी कितीही जवळून ऐकली आणि कितीही अंगावर आली, तरी तिचा आवाज कडक असतो, खोल नसतो. छातीत बसणारा ठोका बहुधा ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो, तर ३० हर्ट्झच्या खालचा आवाज कानापेक्षा अंगाला आणि बसायच्या खुर्चीला जास्त जाणवतो. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. ते मुळात रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे नाव असून त्या भिंतीचा आणि त्या कंपनीच्या तंत्राचा बहुतेक वेळा काहीही संबंध नसतो. घरात तो दणका हवा असे ज्यांना वाटते, त्यांनी तो दणका खोलीत मावत नाही हे आधीच समजून घ्यावे.

खोल जाण्याची किंमतही जबर असते. त्याच मोठेपणाचा आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल, म्हणजे ४० हर्ट्झऐवजी २० हर्ट्झवर, तर कोनला, म्हणजे स्पीकरच्या मागेपुढे हलणाऱ्या पडद्याला, चौपट हवा हलवावी लागते. चौपट हवा हलवायची म्हणजे कोन मोठा हवा, त्याची मागेपुढे होण्याची धाव लांब हवी, त्याला ढकलणारा ॲम्प्लिफायर दमदार हवा आणि हे सगळे सामावणारी पेटी जड हवी. म्हणून ‘लहानसा, हलका, स्वस्त आणि वीस हर्ट्झला उतरणारा’ असा सबवूफर कोणी दाखवत असेल, तर या चारांपैकी किमान एक विशेषण खोटे आहे असे समजावे.

टेप घेऊन खोली मोजावी

ध्वनी हवेतून २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो आणि हवा तापली की हा वेग थोडा वाढतो. आपल्या सोलापूरच्या हवेला सुमारे २७ अंशांचा हिशेब धरला, तर तो साधारण ३४७ मीटर, म्हणजे ११४० फूट होतो. या वेगाने जाणाऱ्या ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे साडेअठ्ठावीस फूट लांब असते आणि २० हर्ट्झची ५७ फूट. आपली खोली १२ फुटांची. म्हणजे खोलीत पुरी लाटसुद्धा मावत नाही; ती समोरच्या भिंतीवर आदळून परत येते आणि येणारी व जाणारी अशा दोन्ही लाटा एकमेकींत मिसळून खोलीत काही ठिकाणी आवाज फुगतो, काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो.

कोणत्या सुरावर हे सर्वांत आधी घडेल, ते काढायला एक सोपा भागाकार पुरतो. ५७० या संख्येला (वरच्या ११४० च्या निम्मे) खोलीच्या लांबीने (फुटांत) भागावे. १२ फुटांना उत्तर येते ४७.५ हर्ट्झ, १० फुटांना ५७, १५ फुटांना ३८. हाच भागाकार रुंदीसाठी आणि उंचीसाठीही करावा आणि प्रत्येक उत्तराची दुप्पटही लिहून ठेवावी, कारण त्या सुरांवरही खोली अशीच घुमते. माझ्या खोलीत लांबी १२, रुंदी १० आणि छतही १० फुटांवर. रुंदी आणि उंची दोन्ही ५७ हर्ट्झवरच येऊन बसल्यामुळे तो एक सूर दुहेरी घुमत असे, आणि सुरुवातीला सांगितलेला ‘भुंऽऽ’ तो हाच होता. १० बाय १० बाय १० ची खोली या दृष्टीने सर्वांत वाईट, कारण तिथे तिन्ही उत्तरे एकावर एक पडतात. घरात दोन खोल्यांमधून निवड करण्याची मुभा असेल, तर चौरस खोली झोपायला ठेवावी आणि लांबट खोली ऐकायला घ्यावी.

आता बसायची जागा. लांबीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे १२ फुटांच्या खोलीत ६ फुटांवर बसले की ४७.५ हर्ट्झचा सूर जवळजवळ ऐकूच येत नाही. मागच्या भिंतीला पाठ लावून बसले की तोच सूर अंगावर येतो. आपल्याकडे दिवाण नेहमी भिंतीला टेकलेला असतो आणि ‘बास फार आहे’ या तक्रारीचे मूळ कित्येकदा खोक्यात नसून त्या दिवाणातच असते. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या दोन तृतीयांश अंतरावर, म्हणजे १२ फुटांत ८ फुटांवर, डोके येईल असे बसता आले तर पहिला (४७.५ चा) आणि दुसरा (त्याच्या दुप्पटीचा) असे दोन्ही घुमारे मध्यम प्रमाणात मिळतात. घरातल्या सगळ्यांना हे पटवणे हा वेगळा विषय आहे.

भिंती कशाच्या आहेत, हेही पाहावे. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांत जाड दगडमातीच्या भिंती असतात. त्या हलत नाहीत, त्यामुळे खालचा आवाज आत कोंडून धरतात. तिथे लहान सबवूफरही मोठा वाटतो, पण घुमाराही तेवढाच असतो. वीट आणि सिमेंटच्या फ्लॅटची प्रकृती साधारण तीच. पत्र्याच्या छताखाली मात्र खालचा आवाज छतातून निसटतो आणि निसटताना पत्र्याला थरथरवून जातो. अशा खोलीत मोठ्या सबवूफरवर पैसे घालण्याआधी पत्र्याचे स्क्रू आवळून घ्यावेत. हॉल स्वयंपाकघराला आणि बोळाला उघडा असेल, तर सबवूफरला नुसता हॉल भरायचा नसतो, ती सगळी हवा भरायची असते, म्हणून खोलीचे घनफूट (लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची) काढताना तो भागही धरावा.

भिंतीवर जाड सोलापुरी चादर टांगली की आवाज सुधारतो, असे पुष्कळांचे मत आहे आणि ते अर्धे खरे आहे. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती यांमुळे टाळीचा जो कर्कश प्रतिध्वनी येतो तो चादरीने कमी होतो, गाण्याचे शब्द स्पष्ट होतात. पण सच्छिद्र कापड ध्वनी नीट शोषते ते साधारणपणे त्या लाटेच्या पाव लांबीइतकी खोली त्याला मिळाली तर. ४० हर्ट्झच्या लाटेची पाव लांबी सात फुटांहून जास्त भरते. एक काय, दहा चादरी टांगल्या तरी त्या आवाजाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

बंद पेटी की पोर्टची पेटी

सबवूफरच्या पेट्या मुख्यतः दोन जातींच्या असतात. बंद पेटीत आतली कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखे काम करते. संशोधक एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये एआर-१ या स्पीकरमधून हे तत्त्व घरगुती वापरात आणले. पोर्टच्या पेटीला एक नळी किंवा भोक असते आणि त्या नळीतली हवा ठरलेल्या सुराच्या आसपास कोनला हातभार लावते. त्यामुळे तेवढ्याच ताकदीत पोर्टची पेटी त्या पट्ट्यात जास्त मोठा आवाज देते. त्याचे मोल मात्र खाली चुकवावे लागते: नळीच्या सुराखाली तिचा आवाज सप्तकामागे २४ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या मोठेपणाचे माप) कोसळतो, तर बंद पेटीचा १२ डेसिबलने हळूहळू उतरतो.

हा फरक कागदावर लहान वाटला तरी लहान खोलीत तो मोठा ठरतो. चारी बाजूंनी बंद असलेली छोटी खोली आपल्या पहिल्या घुमाऱ्याच्या खालच्या सुरांना स्वतःहून उचलून धरते. बंद पेटी जिथे उतरू लागते तिथे खोली चढू लागते आणि दोन्ही मिळून बऱ्यापैकी सपाट आवाज होतो. म्हणून १२०० ते १५०० घनफुटांच्या, दार लावता येणाऱ्या खोलीत संगीत ऐकणाऱ्याने १० इंची बंद पेटी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. २५०० घनफुटांच्या वरचा उघडा हॉल आणि चित्रपटांचा शौक असेल, तर १२ इंची पोर्टची पेटी योग्य. पोर्टच्या पेटीत नळी तोंडाला रुंद आणि गोलसर आहे ना, ते पाहावे, कारण अरुंद नळीतून मोठ्या आवाजाला हवेची फुसफुस ऐकू येते. त्या नळीतून पाली आणि झुरळेही आत जातात, हे विक्रेता सांगत नाही. तोंडाशी बारीक जाळी सैलसर बसवावी, पण कापड कोंबू नये.

खोक्यावर छापलेली भाषा

पीएमपीओ (क्षणभराची कमाल शक्ती) हा शब्द आणि त्यापुढचा हजारांतला आकडा दिसला की तो आकडा वाचायचाच नाही. आरएमएस वॅट, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, विचारावेत. त्यातही शक्ती दुप्पट झाली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणजे १५० आणि २०० वॅटमधला फरक हा मुख्यतः बिलातच दिसतो.

इंचांचा हिशेब त्यापेक्षा खरा आहे, कारण क्षेत्रफळ वर्गाने वाढते. ८ इंचीपेक्षा १२ इंची कोन सव्वादोन पट मोठा भरतो. पण कोनची धाव किती आहे हे इंचांवरून कळत नाही, त्यामुळे चांगला १० इंची कोन हलक्या १२ इंचीला सहज मागे टाकतो.

‘२० हर्ट्झपर्यंत’ असे लिहिलेले असेल, तर त्यापुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ असे आहे का ते पाहावे. तो मजकूर नसेल, तर २० हर्ट्झला काहीतरी ऐकू येते, यापलीकडे त्याचा अर्थ नाही. सर्वांत विश्वासार्ह आकडे सीटीए-२०१० या मापनपद्धतीचे असतात. त्यात २० हर्ट्झ, २५, ३१.५ अशा एकेका पट्ट्यात सबवूफर आवाज ठरल्या मर्यादेपलीकडे न बिघडवता किती डेसिबल देतो ते मोजलेले असते. मात्र दोन सबवूफरची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच अंतरावरचे आणि एकाच प्रकारचे आहेत ना, ते पाहावे, कारण १ मीटरवरचे ‘पीक’ (लाटेच्या शिखराचे) आकडे आणि २ मीटरवरचे ‘आरएमएस’ आकडे यांत एकाच यंत्राला ९ डेसिबलचा फरक पडतो.

जुना सबवूफर घेणार असाल, तर जाळी काढून कोनच्या कडेची लवचिक पट्टी बोटाने हळूच दाबून पाहावी. रबराची असेल तर ती बहुधा ठीक असते. फोमची असेल आणि बोटाला काळा भुगा लागला, तर किंमत कितीही पाडून दिली तरी परत फिरावे.

आपल्याकडे काय आहे आणि जोडणार कसे

एव्ही रिसीव्हर, म्हणजे ५.१ सारखा ध्वनिपट सगळ्या स्पीकरांना वाटून देणारा ॲम्प्लिफायर, असेल तर प्रश्न मिटला. त्याच्या ‘सब आउट’मधून एक वायर सबवूफरच्या एलएफई (खालच्या आवाजांच्या स्वतंत्र वाहिनीच्या) इनपुटला जाते. जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल आणि त्याला असे आउटपुट नसेल, तर सबवूफरला स्पीकरच्या वायरी घेणारी जोडणी आहे का, ते खरेदीपूर्वीच पाहावे. पुष्कळ स्वस्त मॉडेलांत ती नसते आणि घरी आल्यावर माणूस अडून बसतो. बिनतारी जोडणीचा मोह सोय म्हणून ठीक आहे, पण वीजेची वायर तिलाही लागतेच.

ऐकून घ्यायचे तर सोलापुरात पर्याय मोजके आहेत, म्हणून सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन संध्याकाळी परतणारेही आहेत. जाताना आपल्या ओळखीची तीन-चार गाणी बरोबर न्यावीत. दुकानाच्या खोलीत किती घुमते याकडे लक्ष न देता, ठोका सुरू झाल्यावर तो थांबतो कधी एवढेच ऐकावे. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात बसून पखवाज ऐकलेला असेल, तर थाप पडून विरण्यापर्यंतचा तो काळ कानात असतोच. त्याच्याशी ताडून पाहावे. दुकानातला खालचा आवाज त्या दुकानाचा असतो, तो घरी येत नाही. म्हणून परत घेण्याची किंवा बदलून देण्याची अट बिलावर लिहून घेणे हे ऐकण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

खोक्याची जागा शोधणे

या कामाला एक रविवार द्यावा. पद्धत उलटी आहे: सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा आणि आपण खोलीभर रांगत फिरायचे. स्पीकर आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचे वागणे तेच राहते, म्हणून जिथे रांगताना आवाज सर्वांत सम ऐकू येतो, तिथे नंतर सबवूफर ठेवला की खुर्चीत तोच सम आवाज मिळतो.

मी दिवाण हलवून त्या जागी सागवानी चौरंग मांडला, मुलाच्या मदतीने खोका उचलून त्यावर ठेवला आणि २० ते १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर लावला. मग कान जमिनीपासून फूटभरावर ठेवून भिंतीच्या कडेकडेने रांगलो. कोपऱ्यात ४७ आणि ५७ च्या आसपास आवाज एकदम फुगला आणि मधले सूर बसले. दाराजवळ ५७ गायब झाला. प्रत्येक ठिकाणी शहाबादी फरशीवर खडूने फुली मारून बाजूला एक ते पाच गुण लिहिले, आणि तासाभराने फरशी पोरांच्या खेळासारखी दिसू लागली. सर्वाधिक गुण मिळालेली जागा समोरच्या भिंतीलगत, पण कोपऱ्यापासून साडेतीन फूट अलीकडे निघाली. सुरुवातीला कोपऱ्यात ठेवलेला तोच खोका तिथे नेल्यावर डग्गा आणि बास गिटार प्रथमच वेगवेगळे ऐकू आले. त्या दिवशी खर्च झाला तो खडूच्या एका कांडीचा.

कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा होतो, कारण खोलीचे सगळेच घुमारे तिथून जागे होतात. लहान सबवूफरला ती मदत कधी कधी लागते, पण तो नेहमी शेवटचा उपाय ठेवावा. एकापेक्षा जास्त माणसांना चांगले ऐकू यावे असे वाटत असेल, तर एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम सबवूफर बरे. हार्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर वेगवेगळ्या आसनांवर बऱ्यापैकी सारखा आवाज देतात, असे दाखवले होते. पैसे एकदम नसतील तर आज एक घ्यावा आणि तोच मॉडेल पुढे मिळेल ना, एवढी खात्री करावी.

जुळवणी

सबवूफरवर सहसा तीन खुंट्या असतात. क्रॉसओव्हरची खुंटी मुख्य स्पीकर कुठे थांबतील आणि सबवूफर कुठे सुरू होईल ते ठरवते. रिसीव्हर असेल तर त्यात ८० हर्ट्झ ठेवून सबवूफरवरची खुंटी पूर्ण वर फिरवून सोडावी, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात. क्रॉसओव्हर १०० हर्ट्झच्या फार वर नेला की आवाज कुठून येतो हे कानाला कळू लागते आणि गायक समोर असताना त्याचा तळ कोपऱ्यातून बोलतो.

फेजची, म्हणजे सबवूफरची लाट मुख्य स्पीकरच्या लाटेशी जुळवण्याची, खुंटी फिरवायला दुसरे माणूस लागते. आपण खुर्चीत बसावे, ८० हर्ट्झच्या आसपासचा सूर लावावा आणि दुसऱ्याने ० ते १८० अंशांपर्यंत हळूहळू फिरवावे. ज्या ठिकाणी आवाज सर्वांत भरीव होतो तिथे थांबावे.

आवाजाच्या पातळीची खुंटी सर्वांत जास्त बिघडवली जाते. नव्या माणसाला सबवूफर ऐकू यावा असे वाटते, पैसे दिलेले असतात. पण तो चालू असल्याचे कळू नये आणि बंद केल्यावर मात्र गाणे एकदम पोकळ वाटावे, अशी पातळी बरोबर समजावी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की हळू आवाजात कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू ऐकताना सबवूफर थोडा वाढवावासा वाटणे स्वाभाविक आहे. सकाळी तो परत खाली आणायची आठवण मात्र ठेवावी.

मोजून पाहायची हौस असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि यूएसबीवर चालणारा मोजणीचा मायक्रोफोन एवढे पुरते. मोबाईलवरच्या ॲपवर विसंबू नये. ती बहुधा ‘ए’ भारातले, म्हणजे खालचे सूर कमी धरणारे, डेसिबल दाखवतात आणि त्या भारात ३१.५ हर्ट्झचा आवाज सुमारे ३९ डेसिबलने कमी मोजला जातो. आलेखात जिथे उंचवटा दिसेल तिथे इक्वलायझरने (एकेका पट्ट्याचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) तो कापावा. जिथे खड्डा दिसेल तिथे भर घालायला जाऊ नये. लाटा एकमेकींना खाऊन तो खड्डा पडलेला असतो, त्यात कितीही ओतले तरी तो भरत नाही आणि ॲम्प्लिफायर तेवढा तापतो.

भांडी, शेजारी आणि ऊन

जुळवणी झाल्यावर पुन्हा तो चढता सूर लावून घरभर फिरावे. आमच्याकडे ३४ हर्ट्झला स्वयंपाकघराच्या मांडणीवरचा स्टीलचा एक डबा झाकणासकट किणकिणू लागला, ४१ ला लोखंडी कपाटाचे हँडल आणि ५२ ला खिडकीची एक काच. झाकणाखाली कापडाची घडी, हँडलमागे रबराचा तुकडा आणि काचेच्या कडेला पुट्टी एवढ्याने काम भागले. ज्याला आपण ‘सबवूफर फाटला’ म्हणतो तो पुष्कळदा डबाच असतो.

शेजाऱ्यांचा विचार आधी करावा, कारण खालचा आवाज भिंतीने अडत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण शेजारी मर्यादा मोजत बसत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका सूतगिरणीतून निवृत्त झालेले. पहिल्याच आठवड्यात जिन्यात भेटल्यावर ते म्हणाले, “काय हो, वर माग बसवला काय तुम्ही? रात्री फरशी हादरतीया.” खोक्याखाली जाड रबरी चटई घातल्यावर फरशीतून जाणारा हादरा कमी झाला. हवेतून जाणारा आवाज चटईने कमी होत नाही, म्हणून साडेनऊनंतर मी सबवूफर बंदच ठेवतो.

एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा चाळिशी ओलांडतो आणि सबवूफरचा ॲम्प्लिफायर पाठीलाच बसवलेला असतो. भिंतीपासून किमान सहा इंच अंतर ठेवावे आणि पडदा त्यावर पडू देऊ नये. कूलरचा झोत थेट खोक्यावर सोडू नये, कारण पेटी दाबलेल्या लाकडी भुशाची असते आणि दमट हवेने तिच्या कडा फुगतात. शिवाय कूलरच्या घरघरीत ४० हर्ट्झ काय आणि ५० काय, काहीच नीट ऐकू येत नाही. उन्हाळ्यातले गंभीर ऐकणे आम्ही पहाटेवर ढकलले आहे.

वायर जोडताच एकसारखा गुणगुणाट आला तर तो बहुधा ५० किंवा १०० हर्ट्झचा, म्हणजे आपल्या विजेचाच असतो. केबल टीव्हीची वायर काढून पाहावी. गुणगुणाट थांबला तर दोन उपकरणांची अर्थिंग दोन वाटांनी जमिनीला मिळते आहे असे समजावे आणि ती सगळी एकाच बोर्डावर आणावीत. तिसरी पिन कापून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, त्या पिनेवर जीव अवलंबून असतो. आपली जमीन उन्हाळ्यात कोरडी ठाक पडते आणि मग अर्थिंगही अशक्त होते, म्हणून घर स्वतःचे असेल तर मार्चपासून आठवड्यातून एकदा अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतावे.